साडेसातशे वातींचा नेम

आले, बांबू आले! सकाळी दूध घ्यायला म्हणून दार उघडलं, तर दोन माणसं खांद्यावर लांबच लांब बांबू घेऊन गल्लीतून घाटाकडे निघालेली. पुढचा ओरडतोय, "बच के, चाची, बच के!" आणि बांबूचं मागचं टोक अजून वळणाच्या पलीकडेच. मी पातेलं हातात धरून, घरातल्या सपाता घालून, त्यांच्या मागोमाग थेट संकठा घाटापर्यंत गेले. वय वर्षं छप्पन्न! घाटावर बांबू उभे राहिले, दोरीवरून टोपल्या सरसर वर चढल्या. संध्याकाळी त्या टोपल्यांत दिवे लागतील, पितरांना वाट दिसावी म्हणून. हे आकाशदीप लागले की काशीत कार्तिक लागला, आणि कार्तिक लागला की माझ्या अंगातच येतं. घरी परत आले तेव्हा पातेलं रिकामं होतं आणि दूधवाला केव्हाच निघून गेला होता.

आमच्याकडे कार्तिक दोनदा लागतो, हे बाहेरच्यांना पटकन समजत नाही. इथल्या लोकांचा कोजागिरीनंतर दुसऱ्याच दिवशी, आपला मराठी माणसांचा दिवाळीच्या पाडव्याला. मी मिरजेहून लग्न होऊन आले तेव्हा वाटलं होतं, दोन्हीपैकी एक धरायचा असेल. छे! दोन्ही धरायचे. इथली धनतेरस आणि आपली वसुबारस, इथला अन्नकूट आणि आपला पाडवा, मग भाऊबीज, मग घाटावर छठ, मग एकादशीचा ऊस, तुळशीचं लग्न, आणि शेवटी पौर्णिमेला आपला त्रिपुर आणि इथली देवदिवाळी एकाच संध्याकाळी. महिनाभर तळण, दळण, पाहुणे, आंघोळीची पाणी, ओल्या धोतरांच्या रांगा. आमचे हे तीर्थोपाध्याय, म्हणजे महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची पूजा सांगणार, श्राद्धं करणार, आणि ते लोक उतरणार आणि जेवणार आमच्याच घरात. कार्तिकात रोजची तीस-पस्तीस पानं. आणि खरं सांगू? मला ते सगळं भयंकर आवडतं. गल्लीच्या तोंडाशी "अहो, इकडे, इकडे!" असं अस्सल सांगलीकडचं मराठी ऐकू आलं की मी पोळी तव्यावर टाकून धावते. मग आतून करपल्याचा वास येतो.

तर असा उत्साह अंगात मावेना झालेला असताना मोबाईल वाजला. आमची मीनल, पुण्याहून. "आई, सणांचे दिवस आलेत, शांत राहा हं. स्वतःची काळजी घे. दीर्घ श्वास घे." आणि खाली डोळे मिटून बसलेल्या एका गोऱ्यापान बाईचं चित्र. त्या बाईच्या घरी पस्तीस पानं नव्हती हे चित्रावरूनच कळत होतं. दोन वर्षांपूर्वी मी मीनलला उलट काय काय लिहिलं असतं! या वेळी मात्र मी तिला लिहिलं, "कापूस आणायला निघालेच आहे." तिला काही कळलं नसेल. ते कळायला गेल्या वर्षीचा कार्तिक सांगायला हवा.

गेल्या वर्षी भाऊबीजेला मी पडले.

हे लिहायलाही अजून लाज वाटते. यांच्या थोरल्या बहिणीला मी वन्सं म्हणते. त्या दर वर्षी भाऊबीजेला इंदूरहून येतात आणि पौर्णिमा करूनच परत जातात. वन्सं म्हणजे सोवळं, वन्संचं बोलणं म्हणजे दगडावरची रेघ. त्या येणार म्हणून मी पहाटे चारपासून उभी होते. बासुंदी आटत होती, पुऱ्यांची कणीक भिजवलेली, बाहेर नाशिकची अकरा माणसं चहासाठी खोळंबलेली. सकाळपासून डोकं गच्च झालं होतं, कानात नुसतं घूं घूं. मी म्हटलं, होईल कमी. प्रेशरची गोळी आठ दिवस घेतलेली नव्हती. कार्तिकात कुणाला आठवतंय! दारात वन्संचा आवाज आला, ओवाळणीचं ताट घेऊन तिकडे वळले आणि स्वयंपाकघर माझ्याभोवती सावकाश फिरायला लागलं. ताट गेलं, निवत ठेवलेल्या बासुंदीत हात गेला, आणि मी गेले. डोळे उघडले तेव्हा वन्सं माझं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. प्रवासातून आलेल्या, आंघोळ न झालेल्या वन्सं, माझ्या चुलीपाशी! मला पहिली भीती वाटली ती सोवळ्याची. बघा म्हणजे.

गल्लीच्या वरच्या अंगाला डॉक्टरीणबाई राहतात, मला तिकडे नेलं. त्यांनी हाताला पट्टा आवळला, आकडा बघून कडाडल्या, "चाची, अगली बार गिरिएगा तो उठने की गारंटी हम नहीं लेंगे. नमक कम, दवा रोज, और दिन में दो घंटा बैठना है. चुपचाप. समझीं?"

"बैठूँगी, देवदिवाळी के बाद," मी म्हटलं.

"तब तक रहिएगा तब ना!"

हे कोपऱ्यात उभे होते. त्यांचा चेहरा मी तीस वर्षांत तसा पाहिला नव्हता. पण घरी आल्यावर ते तरी काय बोलणार? "अगं, बस ना जरा," म्हणाले आणि पाचच मिनिटांनी विचारलं, "अगं, पळी कुठं ठेवलीस?" मी उठलेच. बसायचं म्हणजे कुठं बसायचं? आमच्या घरात बाई बसलेली दिसली की लोकांना वाटतं, रिकामी आहे, हिला काहीतरी सांगू या. आणि दुसरं असं, की मला बसताच येत नव्हतं. कुणी हाक मारली नाही तर मीच विचारायचे, कुणी हाक मारली का? दमलेपणाचीसुद्धा एक चटक असते. आपल्यावाचून अडतंय हे कानावर पडत राहिलं की माणूस त्यावरच चालतो, गोळ्यांवर नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी वन्संनी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर केलं. "या वर्षी त्रिपुराची वात विकतची चालायची नाही. घरातल्या सुनेच्या हातची हवी. साडेसातशे वाती."

त्रिपुरी पौर्णिमेला साडेसातशे वाती तुपात भिजवून एकत्र लावायच्या, ही आपल्याकडची रीत. मी आजवर दुकानातली तयार वात आणून लावत आले होते आणि वन्संनी कधी चकार शब्द काढला नव्हता. आता काय झालं? मी म्हटलं, "वन्सं, अहो, या गर्दीत?"

"नेम म्हणजे नेम. सकाळी नऊ ते अकरा. आंघोळ करून, एका पाटावर, जागचं उठायचं नाही. आणि मौन. वात वळताना बोललं की फळ जातं. तिला कुणी हाक मारायची नाही, शिवायचं नाही." मग यांच्याकडे वळून, "तूसुद्धा. पळी हवी असली तर शोध."

नऊ ते अकरा! म्हणजे नेमकी स्वयंपाकाची ऐन वेळ. माझा असा संताप झाला म्हणून सांगू. दुपारी तीनची वेळ दिली असती तर काय बिघडत होतं? पण नेमाशी वाद कोण घालणार? मागच्या खोलीच्या खिडकीपाशी पाट मांडला, शेजारी कापसाची परडी ठेवली, आणि मी फुरंगटून बसले.

पहिला दिवस. कापसाचा पेळू चिमटीत धरायचा, ओढायचा, दुधाच्या बोटानं पीळ द्यायचा, ठेवायचा. कान मात्र स्वयंपाकघरात. कुकरची एक शिट्टी, दुसरी, तिसरी, अहो चौथी झाली, डाळीचं पीठ होईल! तोंड उघडलं आणि मौन आठवून मिटलं. कुणीतरी भांड्यांचा ढीग खाली पाडला. हे कुणाला तरी विचारत होते, "हिंग म्हणजे ही पिवळी डबी का?" देवा रे. नाशिकच्या बायका आपापसांत म्हणाल्या, "द्या इकडे, आम्ही चिरतो." कोणी लावलंय त्यांना भाजी चिरायला! यात्रेला आल्यात बिचाऱ्या! मी वाती वळत होते कसल्या, अक्षरशः पिळत होते. अकरा वाजता उठून बघते तर स्वयंपाक तयार. वरण पातळ झालं होतं, मीठ जरा पुढं होतं, पण माणसं मजेत जेवली. एका आजीबाईंनी तर सांगितलं की कित्येक वर्षांनी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात हात घातला, फार बरं वाटलं.

मला काय वाटलं? वाईट वाटलं. खोटं कशाला बोलू. मी नसताना घर चाललं याचं मला रडू आलं. पाटावर बसून, मौनात, कापसावर दोन थेंब पडले.

तिसऱ्या दिवशी मात्र काय झालं कोण जाणे, कान थकले. शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या. त्या खिडकीतून दोन घरांच्या मधून गंगेची एक पट्टी दिसते, साडीच्या काठाएवढी. या घरात तीस वर्षं राहून मला ते माहीत नव्हतं, कारण त्या खोलीत मी फक्त अंथरुणं घालायला जायचे. त्या पट्टीतून नाव गेली की एका क्षणात येते आणि जाते. पहिल्यांदा नाक, मग माणसं, मग एखादं बाळ आईच्या खांद्यावरून मागं बघणारं. ऊन पाण्यावरून उचलून समोरच्या भिंतीवर थरथरत होतं. छठचे दिवस होते. बायकांची गाणी घाटावरून तुटक तुटक वर येत होती, मध्येच छठच्या प्रसादाचा, ठेकुआचा, गूळ-तुपाचा वास. शिंदे घाटाकडून घंटा. माझी बोटं चालत होती आणि मी नुसती होते. त्या दोन तासांत मी कार्तिक पाहिला. आजवर मी तो उरकत होते, पाहत नव्हते, हे तेव्हा लख्ख कळलं. आणि गंमत म्हणजे माझा उत्साह काही कमी झाला नाही. उलट अकरा वाजता मी पाटावरून उठायचे ती अशी ताजी, की वाढायला घेतल्यावर पंगतीत आग्रह करकरून लोकांना हैराण करायचे.

पण स्वभाव कुठं जातो? हात चटचट चालणारे. छठ झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी मी वाती मोजल्या, पुन्हा मोजल्या. साडेसातशे भरल्या होत्या! तेरा दिवसांचं काम मी पाच दिवसांत संपवून बसले होते. आता? नेम संपला म्हणजे पाट गेला, खिडकी गेली, मौन गेलं. उद्या नऊ वाजता पुन्हा "काकू, चहा!" आणि पुन्हा ते घूं घूं.

मी कुणाला काही सांगितलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा काम झालेलं लपवलं. साडेसातशेची जुडी फडक्यात बांधून फळीवर मागं सरकवली आणि दुसऱ्या दिवशी आंघोळ करून साळसूदपणे पाटावर येऊन बसले. परडीत कापूस होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही होता. मी मनात म्हटलं, बराच आणला होता वाटतं आपण. एकादशी झाली, उसाच्या मोळ्या गल्लीत आल्या, तुळशीचं लग्न लागलं, मंगलाष्टकांच्या वेळेपर्यंत नाशिककर परत गेले होते आणि कोल्हापूरकर आले होते, आणि मी रोज नऊ ते अकरा देवाला आणि वन्संना फसवून वाती वळत होते. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा पट्टा बांधला आणि म्हणाल्या, "अरे वाह! क्या खा रही हैं आप?" मी म्हटलं, "कापूस."

पौर्णिमा उजाडली. इथं मला एक कबूल करायचंय. देवदिवाळी पाहायला जगभरातून माणसं येतात, गंगेत नावांना जागा मिळत नाही, आणि मी घाटापासून चाळीस पावलांवर राहून ती कधी पाहिलेली नव्हती. गच्ची पाहुण्यांनी भरलेली असते. त्यांना मसाला दूध, कॉफी, गरम भजी. मी पाहते ती लोकांच्या पाठी. "काकू, काय सुंदर दिसतंय हो!" असं ते वळून सांगतात आणि रिकामा कप माझ्या हातात देतात. तीस वर्षं. मीनल लहानपणी विचारायची, "आई, तू कधी येणार बघायला?" मी म्हणायचे, "पुढच्या वर्षी."

दुपारी वन्संनी वाती मागितल्या. झालं, आता चोरी उघडी पडणार! मी फळीवरून एक फडकं काढलं, मग दुसरं, मग तिसरं. दोन हजारांच्या आसपास होत्या. "जास्त झाल्यात जरा," मी पुटपुटले, "साडेसातशे तेवढ्या घेते."

वन्संनी ढिगाकडे पाहिलं, चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. "वळल्यास ना? मग सगळ्या लाव. आणि लावणारीनं वात शांत होईतो जागचं उठायचं नाही. तोही नेम आहे."

दिवस मावळता मावळता मी घाटाच्या पायऱ्यांवर बसले. मातीच्या मोठ्या कुंडीत तो तुपात न्हालेला वातींचा गुंडा ठेवला. अंगावर ठेवणीतली नारायणपेठी, माझ्या वरच्या पायरीवर वन्सं जप करत. वात लागली, पहिल्यांदा तडतडली आणि मग अशी फुलली की शेजारच्या बंगाली बाई "ओ मा!" म्हणून मागं सरकल्या. इकडे पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या लागत चालल्या. एक पायरी, मग तिच्याखालची, मग पाण्यातली. शिंदे घाट उजळला, पलीकडचा उजळला, वळणावळणानं पार दशाश्वमेधापर्यंत उजेडाची रेघ धावत गेली. समोरच्या वाळवंटातसुद्धा दिवे! शंख, झांजा, नावांतून ओरडणारी पोरं, "हर हर महादेव!" मी पण ओरडले. घसा बसेपर्यंत ओरडले. गच्चीवरून कुणीतरी हाक मारत होतं, "काकू, दूध कुठं ठेवलंय?" आणि मला उठता येत नव्हतं, कारण नेम होता. वर यांचा आवाज आला, "थांबा, मी देतो." अहो, मी तिथं बसून हसत होते आणि रडत होते आणि काही म्हणजे काही करत नव्हते. साडेसातशे वाती असत्या तर लवकर आटपलं असतं. दोन हजार कशाला लवकर विझताहेत! मी आख्खी देवदिवाळी पाहिली.

यथावकाश हे खाली आले, हातात माझ्यासाठी दुधाचा पेला. मी हळूच म्हटलं, "सासूबाईंना मी पाहिलं नाही, पण हा नेम त्यांचाच ना? धन्य आहे हो त्यांची. मौन धरून दर वर्षी एवढं करायच्या."

"आई? मौन?" हे एवढ्यानं हसले की दूध सांडलं. "आई वाती वळताना आख्ख्या गल्लीशी गप्पा मारायची. आणि एका पाटावर तर ती जेवायलासुद्धा बसली नाही कधी."

मी वर पाहिलं. वन्संची माळ चालूच होती, डोळे मिटलेले. पदराच्या टोकाला कापसाचा एक पिंजलेला पुंजका चिकटला होता. परडी रोज का भरलेली असायची, ते मला तेव्हा कळलं. त्यांच्याशी ते बोलायची माझी छाती नव्हती.

वर्ष गेलं. गोळी रोज घेते, मीठ बेतानं. आज सकाळी बांबू पाहून आले, मीनलचा निरोप वाचला आणि मग तोच फोन इंदूरला लावला. वन्संचे गुडघे यंदा फार धरलेत. तरी भाऊबीजेला येणारच म्हणाल्या, "पस्तीस पानं असतात, तुझ्या एकटीच्यानं कसं होणार." मी धीर केला. "वन्सं, एक विचारू? तो मौनाचा नेम कुठल्या पोथीतला हो?"

त्या म्हणाल्या, "कसली पोथी! तू माझ्या मांडीवर पडली होतीस ना, तेव्हा सुचला. आजारी आहेस म्हणून तू बसणार नव्हतीस, आणि बसलीस तरी तुला कुणी बसू दिलं नसतं. देवाचं काम म्हटलं की सगळे गप्प बसतात."

"आणि वात विझेपर्यंत उठायचं नाही, तेही?"

"तेही."

मी हसायला लागले. त्या हसल्या नाहीत. अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या वेळी मला कुणी नेम लावला नाही गं, सुधा. मी तीन वेळा पडले."

मी फोन ठेवला आणि पिशवी घेऊन बाहेर पडले. बाजारात गर्दी ही अशी! आकाशकंदील टांगलेत, साखरेची खेळणी मांडलीत, फुलांचे हारे, रिक्षांचे भोंगे, आणि माझं मन नाचतंय. कापूसवाल्यानं विचारलं, "कितना दें, चाची?" मी म्हटलं, दरवर्षीच्या दुप्पट. घरी येऊन मागची खोली झाडली, खिडकी पुसली. ती गंगेची पट्टी आहे तिथंच आहे. मग दोन पाट मांडून पाहिले. जरा दाटी होते, पण मावतात. दुसरा पाट उंच घेतलाय, गुडघ्यांना बरा पडेल असा.

यांनी दारातून विचारलं, "हे दोन कशाला?"

मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "या वर्षी जोडवात लावायची आहे. घरच्या सुनेच्या आणि लेकीच्या हातची. नऊ ते अकरा. दोघींनाही मौन. नेम आहे."